घाटात खिडकीची जागा

त्या सकाळी नळ आला होता. पाण्याचे दोन गुंड भरून मी आत नेऊन ठेवले आणि तिसरा नळाखाली लावला. तो भरेपर्यंत राखेनं तवा घासत बसले. आंघोळीचं पाणी तापलं म्हणून ह्यांना हाक मारणार, तेवढ्यात हेच बाहेर आले आणि माझ्या बाजूला उकिडवे बसले. म्हणाले, "सुमन, ऐक. तो घाट मी सायकलनं नाई चढलो. बसनं चढलो."

माफ करा. नमस्कार करायच्या आधीच मी नळावर जाऊन बसले. दिग्रसहून आणि पुसदहून आलेले ह्यांचे डेपोतले सोबती, गावातल्या माझ्या बहिणी, भाऊ, लेकरं, तुम्ही सगळे ह्यांच्या शोकसभेला विहाराच्या या पटांगणात उन्हात बसला आहात. तुम्हाला हात जोडते. चार दिवस काय बोलायचं ते कागदावर लिहीत होते. शाळा माझी दुसरीत सुटली. अक्षरं मी पुढं बसच्या पाट्यांवरून शिकले. हे पाट्या रंगवायला घरी आणायचे आणि मी बोट ठेवून वाचायची. दारव्हा. आर्णी. पुसद. म्हणून लिहायला वेळ लागतो. पण जे लिहिलं ते पूर्ण वाचणार आहे.

तुळशीरामभाऊ, मान हलवू नका. मी सांगणार आहे.

माझ्याआधी चार जण बोलले. चौघांनीही सांगितलं की मनोहर म्हणजे जिद्द. अठ्ठावन्नाव्या वर्षी नोकरीतून निवृत्त झाले आणि एकटे, जुन्या काळ्या सायकलवर, सातपुडा फिरून आले. परतवाड्याच्या पुढचा घाट पायातल्या जोरावर चढले. ऐकून बरं वाटलं. कोणत्या बायकोला बरं वाटणार नाही? पण ते खरं नाही. आणि ते खरं नाही हे तुम्हाला तीन वर्षं कळलं नाही, याला कारण मी आहे.

झालं असं. एसटीत ड्रायव्हर म्हणून पहिली पाच वर्षं ह्यांनी परतवाड्याला काढली. रोज त्या घाटातून बस न्यायची आणि आणायची. त्यामुळे ह्यांना वाटायचं की घाट आपल्याला पाठ आहे. सायकलीच्या फेरीचा हिशोबसुद्धा ह्यांनी बसवरूनच केला. "गाडीले तीन तास लागते, मंग सायकलले सहा धर." मी म्हटलं, "अन् तुमचं इंजिन अठ्ठावन्न वर्षांचं आहे, ते कुठं धरलं?" तर म्हणाले, "तू डबे भर."

भाकरी, ठेचा, चादर, पंप, पंक्चरचं सामान, सगळं बांधलं. आपल्या तुळशीरामभाऊंनी, म्हणजे ह्यांच्या जिवाभावाच्या मित्रानं, दुकानातल्या मशीनवर जाड कापडाची पिशवी शिवून दिली. आणि तुम्ही लोकांनी काय केलं? फ्लेक्स लावला! हे हात वर करून उभे आणि खाली लिहिलेलं, घाट सर केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. माणूस अजून गावातून निघाला नव्हता. तो फ्लेक्स पाहून हे म्हणाले, "अबे, मी सकाळचा चहा नाई घेतला अजून, अन् तुमी मले घाटावर चढवून मोकळे!" सगळे हसले. हेही हसले. पण निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "आता वापस येता येत नाई."

पुढं जे झालं ते मी तुम्हाला तुकड्यातुकड्यांनी सांगू शकते, कारण मी ते तसंच ऐकलं. त्या सकाळी नळावर ह्यांनी एवढंच सांगितलं, बसनं चढलो. आणि मी काय म्हटलं? म्हटलं, "चूप बसा. बाया येऊन राह्यल्या पाण्याले." आदल्या दिवशी तुम्ही ह्यांना वाजत-गाजत आणलं होतं. मलाही ओवाळलं होतं. मला ते आवडलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला ओवाळलं होतं.

ह्यांनी पुन्हा दोनदा तोंड उघडलं. दोनदा मी बंद केलं. "कोणाले काय फरक पडते?" मी म्हणायची.

फरक पडला. तुळशीरामभाऊंना पडला. पुढच्या वर्षी तेही सायकल घेऊन त्याच घाटात गेले. तिसऱ्या वळणावर दम लागला, सायकल ढकलत वापस आले. चौकात लोकांनी काय काय म्हटलं ते म्हणणारे इथंच बसले आहेत, मी नावं घेत नाही. "काय टेलर, घाट ढिला शिवला का?" "मनोहरभाऊनं चढला, तुमी ढकलला." भाऊंनी चौकात बसणं सोडलं. सकाळी दुकान, संध्याकाळी घर.

ते कळलं त्या दिवशी हे जेवले नाहीत. म्हणाले, "मी जातो अन् चौकात सांगतो." मी दारात उभी राहिले. म्हटलं, "एक वर्षानं सांगता? लोक माह्या तोंडाकडं पाहतीन." हे परत आत आले. माझ्यासाठी परत आले. भांडले असते तर बरं झालं असतं.

मग दुखणं आलं. डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं. गेल्या महिन्यात एका दुपारी मी ह्यांना उशाशी बसून वाचून दाखवत होते. हे म्हणाले, "पुस्तक ठेव. मी सांगतो आता. तू मधात बोलू नको."

आणि मी तीन वर्षांनी पहिल्यांदा ऐकलं.

घाट सुरू झाला तसे हे तिसऱ्या वळणापर्यंत सायकलवर होते. पुढं उतरून ढकलत निघाले. पाचव्या वळणाला डोळ्यांसमोर अंधारी आली, तेव्हा कठड्यावर बसले. तिथं एक कोरकू आजी शेळ्या राखत होती. तिनं पाणी दिलं. ह्यांची जुनी खाकी पॅन्ट पाहिली आणि म्हणाली, "गाडीवाला का तू? मग गाडीत बस ना." हे म्हणाले, "इथं थांबा नाही, आजी. इथं गाडी थांबत नाही." ती म्हणाली, "माहीत आहे. कधीच थांबत नाही."

हे मला म्हणाले, "सुमन, पाच वर्षं मी त्या वळणावरून गेलो. तिनं कितीदा हात दाखवला असन. थांबा नाई म्हणून मी गाडी काढत गेलो."

तेवढ्यात बस आली. ह्यांनी हात केला नाही. लाज वाटली. आजीनं केला. आणि बस थांबली. थांबा नसताना थांबली! ड्रायव्हर पोरगा ओळखीचा ना पाळखीचा. त्यानं खाली वाकून विचारलं, "काय बाबा, तब्येत बिघडली का?" कंडक्टरनं सायकल टपावर चढवली आणि ह्यांना खिडकीची जागा दिली.

आता हे नीट ऐका. डेपोतल्या भावांनो, तुम्हाला तर हे कळेलच. घाटात ड्रायव्हरला दरी पाहता येत नाही. त्याला रस्ता पाहावा लागतो. पाच वर्षं हे त्या दरीच्या काठानं गेले आणि ह्यांनी ती पाहिली नव्हती. सायकलवर होते तेव्हा पुढचं चाक आणि स्वतःचा दम, एवढंच दिसलं. त्या दिवशी खिडकीत बसल्यावर ह्यांनी दरी पाहिली. खाली सागाची राई, मधोमध नदीची बारीक रेघ, पलीकडच्या डोंगराच्या पोटाशी आठ-दहा घरं आणि एका घरातून निघणारा धूर. हे म्हणाले, "मी रडलो, सुमन. कंडक्टर म्हणे, बाबा, दुखून राह्यलं का? मी म्हटलं, नाई रे बाप्पा, दिसून राह्यलं."

अकरा दिवसांच्या फेरीतली ही सगळ्यात मोठी गोष्ट. बाकी सगळं ह्यांनी पायांनी केलं. सेमाडोह, धारणी आणि परतीची सगळी वाट, ते सगळं खरं आहे. पण जे डोळ्यांत भरून आणलं होतं, ते कोणाला सांगता येईना. दरी सांगायची तर बस सांगावी लागली असती.

म्हणून आज सांगते. माझा नवरा तो घाट चढला नाही. तो थकला, बसला, अनोळखी माणसांनी त्याला वर नेलं आणि त्यानं नेऊ दिलं. मला आज यात काही कमी वाटत नाही. परत आल्यावर हा माणूस बदलला होता, ते तुम्ही पाहिलं आहे. पाणी मागून प्यायचा. वाटेत कोणाच्याही ओट्यावर बसायचा. बत्तीस वर्षांच्या संसारात मला पहिल्यांदा विचारलं, "तुले काय वाटते?" ते घाट चढल्यानं आलं नव्हतं.

तुळशीरामभाऊ, तुम्ही परवा म्हणालात, "वहिनी, माणूस गेला. त्याचं नाव असू द्या जसं आहे तसं." नाही भाऊ. तुम्ही तिसऱ्या वळणापर्यंत सायकलवर गेलात. हेही तिथपर्यंतच. दोघं बरोबरीचे. दोन वर्षं तुम्ही जे ऐकून घेतलं, ते माझ्यामुळं. या सगळ्यांसमोर तुमची माफी मागते. आणि चौकातल्या मंडळींनो, उद्यापासून भाऊंची जागा तिथं मोकळी ठेवा.

तुमच्यापैकी कोणी कधी मधल्याच वळणावर बसून राहिलं, तर हात वर करा. आणि कोणी हात वर केलेला दिसला, तर थांबा. माझ्याकडं सांगण्यासारखं एवढंच आहे.

आता आपण दोन मिनिटं उभं राहू, शांत. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बसूनच राहावं, ह्यांना तेच आवडलं असतं. मनोहर, तुम्हाला माझा शेवटचा नमस्कार.

उभं राहण्याआधी एक सांगायचं राहिलं. दरीची गोष्ट ऐकली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तुळशीरामभाऊंच्या दुकानात गेले, त्यांना घरी आणलं, खाटेजवळ खुर्ची ठेवली आणि ह्यांना म्हटलं, "सांगा आता. पहिल्यापासून सांगा."