काहीही ओतलं तरी चालणारी गाडी

नाही, नाही, परत चावी फिरवू नका, जावईबापू — बॅटरी बसेल उगाच. होणार नाही ती सुरू. मला कसं माहीत? अहो, गॅरेजच्या दारातच उभी केलीत गाडी, मग गॅरेजवाल्याला माहीत असणारच! बसा. त्या टायरवर बसा, पुसलेला आहे. आमच्या लेकीची बॅग भरून व्हायचीय अजून — भरतेय की नुसतीच उघडझाप करतेय, देव जाणे. तुमच्या सासूबाई आत समजूत घालतायत. कुणाची बाजू घेऊन, ते मला विचारू नका.

तर ही तुमची फ्लेक्स फ्युएल. पेट्रोल ओता, इथेनॉल ओता, दोन्ही कालवून ओता — हिला चालतं! ज्याला काहीही चालतं त्याचा मला संशयच येतो बघा, मग ती गाडी असो नाहीतर — जाऊ दे. सेन्सर असतो म्हणता. काय किती मिसळलंय ते ओळखतो आणि इंजिन आपलं आपण जुळवून घेतं. बरं. धूर कमी, मान्य. उसापासून, मक्यापासून होतं, बाहेरून तेल आणायला नको, तेही मान्य — मी काही अडाणी नाही. पण ॲव्हरेज? पडतं की नाही कमी? पडतंच! आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी नुसती उभी राहिली, की टाकीत काय चाललंय कुणाला दिसतंय? वरून सगळं चकचकीत. आमची मुलगीही त्या दिवशी हसतच आली. "सहज आले, बाबा." सहज! सहज आलेलं माणूस थंडीचे कपडे घेऊन येतं का?

मारलंबिरलं का, एवढंच विचारलं मी तिला. चिडू नका, बापाला विचारावं लागतं. नाही म्हणाली. मग आईजवळ बोलली, आणि आई मला सांगितल्याशिवाय राहते होय? स्कूटर विकलीत तुम्ही तिची. या गाडीला जागा हवी म्हणून, तिला न विचारता! वर सांगितलंत काय — नव्या इंधनानं जुन्या गाडीचे रबरी पाईप फुगतात, आज ना उद्या बंदच पडली असती. अहो, पडली असती! पण पाईप, सील, सगळं मी बदलून दिलं होतं, या इंधनाला टिकेल असलं. तिनं सांगितलं नव्हतं? सांगितलं होतं ना? मग? त्या स्कूटरवरून ती घरोघरी पेशंटना इंजेक्शनं द्यायला जायची — कुणाला विचारायला नको, कुणाची वाट बघायला नको. आता तुम्ही सोडणार, तुम्ही आणणार, आणि तुम्हाला वाटतं केवढी सोय केली! घेईल जुळवून, असंच वाटलं ना? घेतेच ती. लहानपणापासून घेते. त्याचीच भीती वाटते हो मला, तुमच्या इथेनॉलची नाही.

काय शोधताय डॅशबोर्डखाली? फ्यूज? हुशार आहात, हे मी कधी नाकारलं? इंधनाच्या पंपाचा आहे तो. माझ्या खिशात आहे. कुणी काढला म्हणजे — मीच काढला, तुम्ही आत पाणी पीत होतात तेव्हा. तेवढाच जरा वेळ लेक राहील, म्हटलं. पोरकटपणा? असेल. तुम्हाला मुलगी झाली की या, मग बोलू.

आलीस? झाली भरून? जायचंय तुला — नक्की? माझ्याकडे बघून सांग. बरं. नाही, त्यांच्या हातात नाही देणार मी हा फ्यूज. तू घे. स्टिअरिंगखाली बघ, एक जागा रिकामी दिसेल, तिथं दाबून बसव. मीच शिकवलंय तुला. हां. जावईबापू, चावी द्या तिला. फिरव आता — झाली की सुरू! इकडे कुठं येताय, जावईबापू? पलीकडून बसा, तिच्या शेजारी. चालवेल ती. चावी तिच्याकडेच राहील — नुसती आज नाही, रोज. तुम्ही जुळवून घ्या. पट्टा लावा आणि निघा, मला शटर ओढायचंय.