देवाच्या नांगराचे तास

बरफ? इथी? चांद्याच्या या उन्हात? — डोक्यावर पंचा घ्या साहेब, सावलीत बसा जरासे. ऊन लागलं असन, मंग असंच दिसते. घुग्घुसच्या खाणीत माणूस घोटभर थंडं पाणी मांगते तं भेटत नाई, अन् तुम्ही म्हणता, या पैनगंगेच्या काठून बरफाचा डोंगर सरकत गेला!

हा खडक पाहा ना — साऱ्या रेघा कशा सरळ, एकाच अंगानं. देवाच्या नांगराचे तास होत हे, गावात कोणालेही विचारा. नाई म्हणता? बरफाच्या पोटात गोटे अडकले होते, त्यायनं घासत नेलं? बरं! अन् हे गोल गोटे इथचे नाईच, दूरचे, तेही बरफानंच आणून टाकले — बैल नाई, बंडी नाई! लई कामाचा गडी होता तुमचा बरफ. अन् तवा माणूस नव्हता म्हणता — मंग पाहिलं कोणं? तुम्ही? वा!

हसत नाई जी. पण हे जरा हळू बोला. — काऊन म्हणजे? तो मोह दिसते, मोहाचं झाड, धुऱ्याच्या अल्याड? बाप गेल्यावर वाटणी झाली, माझी अन् मुखरूची, धाकटा भाऊ माझा. दोघायलेही मोह पाहिजे. पंच थकले. शेवटी दोर आणला, या तासावर सरळ धरला, अन् तसाच ताणत वावरात नेला — दोर गेला तो धुरा, दोघायच्या वावराची शीव. मोह माझ्याकडं आला. देवाचा न्याव! मुखरू काही बोलला नाई. तवापासून बोलतच नाई — बरं, मीच नाई बोलत, तुमाले काय करायचं? पण देव नसन अन् बरफ असन, तं मोह कोणाचा? बरफाचा? फुलासाठी नाई जी भांडलो. माय तिथी बसे आमची. दिवसभर बसे.

काय? काल जेवले कुठी? — मुखरूकडं! अन् हे सारं सांगून बसले त्याले? झालं! आता आणते तो पंच, मोजते दोर नव्यानं — नाई? नाई म्हणाला? मंग काय म्हणाला?

‘बापूदादाले सांगू नका साहेब, त्याले लागन’ — असं?

…असंच म्हणाला?

उठा साहेब. हातोडी घ्या तुमची. — हो, जातो ना मी त्याच्याकडं, तुम्ही नका सांगू काही. निघा तुम्ही. जा म्हणतो ना.