घंटेच्या आधी दोनदा

हॅलो? … हो, हो, कुराता गेम सेंटर. … कोण? … जरा मोठ्यानं बोला, इथे ढोलाच्या मशीनवर दोन शाळकरी पोरी तुटून पडल्यात. … मिहारु? इसाकुची मिहारु? … अगं पोरी! तोक्योहून बोलतेस? … बरं झालं तू केलास, मीच करणार होतो. … नाही, खरंच. काल इथे जे घडलं ना, ते सांगितलं तर अख्ख्या अमागासाकीत कुणी विश्वास ठेवणार नाही. माझी बायको तर नाहीच ठेवत. पण ती लग्नापासून कशावरच ठेवत नाही, तिचं सोड.

… आधी तुझं ऐकू? … बरं बाई, बोल. … हं. … हं. … रडतेस का गं? … सर्दी. बरं, सर्दी. भर ऑगस्टात.

… कोण म्हणतं असं? … इंटरनेटवर! अगं, तिथे माझ्या दुकानाबद्दलसुद्धा कुणीतरी लिहिलंय, संडासात साबण नाही म्हणून. आहे साबण. कोरडा आहे, पण आहे. … तुमच्या त्या मारामारीच्या खेळाबद्दल काय लिहिलंय? … "काजेगामीचा दुसरा भाग म्हणजे पहिल्याचं मढं." … अरारा. … "हालचाली ज्यानं बसवल्या त्याचे हात तोडा." … म्हणजे तुझेच की. … त्यांना काय ठाऊक, ते हात टोफूवाल्याच्या पोरीचे आहेत! लहानपणी बादल्या उचलून उचलून असे झालेत की तोडणाऱ्याची कुऱ्हाड मोडेल.

… हसलीस. चला.

… मग साहेब काय म्हणाले? … आज संध्याकाळपर्यंत? … दुरुस्तीच्या कामावर राहायचं, नाहीतर सोडायचं. … आणि तू? … सोडणार? नाही, असं नको म्हणूस. … अगं, पण बाकीच्यांनीही बनवलाय ना तो, तू एकटीनं का घ्यायचं सगळं अंगावर? … मी? मी काय सांगणार? मी कोण टिकोजीराव? … हो, ते खरं. तुझ्या बापाशी त्या मशीनवर आयुष्यभर भांडलो तो मीच. … हो. … तो असता तर त्यालाच विचारलं असतंस. … कळतंय गं. कळतंय.

… पहिल्यापेक्षा वाईट आहे का? … सरळ मानगुटीलाच धरतेस, बापासारखी. थांब, स्टूल ओढतो. … हं. तर ऐक. रंग मला नाही आवडले. पहिल्यात पाऊस कसा पावसासारखा पडायचा, ह्यात कुणी गच्चीवरून सरबत ओततंय असं वाटतं. आणि भिक्षू उन्काईचं पोट कुठे गेलं? … हसू नकोस! तुझा बाप त्या पोटापायी दुसरा गडी कधी घेईना. "टोफूवाल्यानं टोफूसारखाच गडी घ्यावा," म्हणायचा. … ते तुझं काम नाही? चित्रवाल्यांचं? … मग ठीक. नाहीतर मीच आलो असतो कुऱ्हाड घेऊन.

… खेळलोय म्हणजे काय! रोज खेळतो. बोटांना घट्टे पडलेत, फोनवरून दाखवता येत नाहीत म्हणून. … बाकी उत्तम! काय ते चालणं, काय ते उड्या मारणं! … कुठली उडी? … अशी… सगळ्याच. तू मध्ये मध्ये तोडू नकोस, माझी कालची गोष्ट राहते.

काल तुझा बाप आला होता.

… मिहारु? … आहेस ना? … नाही, प्यायलो नाही. बार्लीचा चहा प्यालोय, तोही गार. … अगं, हे पितरांचे घरी यायचेच दिवस! आणि त्याचं पहिलंच वर्ष. … ठाऊक आहे, तुला सुट्टी नाही मिळाली. तुझी आई बोलली. तिनं दारात कंदील लावलाय, आणि मी… हसशील आता… मी काकडीचा घोडा केला. आगकाड्यांचे पाय लावून. … आमच्याकडे कुठली रीत! तुझ्या आईच्या माहेरची ती. म्हटलं, बसून येईल बिचारा. आणि ठेवला तो मशीनच्या डोक्यावर. … घरी का नाही म्हणजे? जिवंतपणी कधी सरळ घरी गेला होता का तो? टोफू पोचवून झाला की आधी इथे, मग घरी.

… सांगतो, सांगतो. भर दुपार. दुकानात चिटपाखरू नाही. बाजाराच्या छपरावर ऊन तडतडतंय, बाहेर सिकाडा किडे कान किटवतायत. मी आपला अलीकडच्या खुर्चीत. नाणं टाकलं. … दुसराच भाग गं, पहिला आता राहिलाय कुठे? डबा तोच, काळीज तेवढं बदलून गेली तुमची माणसं. … तर नाणं टाकलं, आणि पलीकडून आवाज. टुण्ण. आणि मशीन ओरडलं, "नवा गडी आला!"

… नाही, बघितलं नाही. … अगं, तूच विचारतेस हे? दोन मशीनं पाठीला पाठ लावून उभी. पलीकडे कोण बसलंय ते दिसायचं नाही, आणि डोकावून बघायचं नाही. माझा कसला नियम, तुझ्या बापाचाच! "तोंड बघितलंस की हात वाचायचं विसरतोस, कुराता." … तर त्यानं घेतला उन्काई. … हो, हो, उन्काईला कुणीही घेईल. पुढचं तर ऐक. मशीन म्हणालं "सज्ज व्हा." फेरीची घंटा व्हायची होती अजून. तेवढ्यात तो वाकला. गुडघ्यात, खाली. उठला. आणि परत वाकला.

… हो. … दोनदा. … इसाकुचा नमस्कार. … तू बघितलायस ना? … हो, टोफूच्या उपड्या खोक्यावर बसायचीस, त्याच्या पाठीमागे. आठवतं मला. बाकीचे लेकाचे त्या वेळात पुढंमागं नाचून जागा बळकावायचे आणि हा नमस्कार घालत बसायचा. आणि मी उलट वाकल्याशिवाय पहिला ठोसा मारायचा नाही. एकदा मी मुद्दाम नाही वाकलो. तर हा अख्खी फेरी उभा! मारतोय मी, खातोय हा. शेवटी मलाच लाज वाटली.

… मग काय, धुतलं मला. आणि मग वास आला. शिजत्या सोयाबीनच्या दुधाचा. पलीकडे गेलो तर खुर्ची रिकामी… आणि मशीनचा दांडा ओला. त्याचा असायचा ना, तसाच ओला! किती वेळा सांगितलं होतं मी, हात पुसून बस रे, वीज आहे आत. … आणि पोरी, अगदी कानाशी आवाज आला. "मिहारुनं चांगलं केलंय." … त्याचाच. … "पहिल्यापेक्षा काकणभर सरसच," म्हणाला.

… मिहारु? … सर्दी वाढली का?

… काय? … परत सांगू? … कुठून? … वाकला तिथून. बरं. घंटेच्या आधी वाकला. … आधी, हो. … उन्काई, हो. … दुसऱ्या भागात, हो! वकिलीण आहेस का गं? … आत्ता? … आता कसा जाऊ मशीनवर, गल्ला कोण बघेल? … आणि फोनची वायर नाही पुरायची. … बिनवायरचा आहे हे तुला कुणी… … तूच आणून दिलास. हो. खरं आहे.

… जातोय, जातोय. माझा गुडघा काय टोफूचा नाही, कुरकुरतो तो. … थांब एक मिनिट. काय गं पोरींनो, निघालात? या पुन्हा! काठ्या ठेवल्यात ना जागेवर? … हं, गेल्या. हुश्श. आता ऐकू येतंय तुझं नीट. … बसलो. … नाणं… हं, पडलं. … उन्काई घेतला. किती वाळलाय बिचारा, आजारी माणसासारखा. … समोर मशीनचाच कुणीतरी आहे. … "सज्ज व्हा" म्हणतंय. … दाबला. दांडा खाली दाबला. … परत दाबतो. … दांडा बिघडला असेल. … घंटा झाली. आता वाकतोय की! … म्हणजे दांडा ठीक आहे. … हो, धरतो ना दम. पुढची फेरी येऊ दे. … "सज्ज व्हा"… खाली… खाली…

… उभाच आहे. खांबासारखा.

… काय म्हणालीस? … पाय बांधलेत? … घंटा होईपर्यंत कुणालाच हलता येत नाही. … लोक जागा बळकावायचे म्हणून. … हो, बळकावायचे खरे. … सगळ्या मशीनवर? पहिल्या दिवसापासून? … आणि ते आधीचं हलणं काढलं कुणी? … …

… तू.

… अगं ओरडू नकोस, ऐकू येतंय. … "काका, तुम्ही दुसरा भाग एकदाही खेळला नाहीत."

… … नाही. नाही खेळलो. … पोरांना विचारून ठेवलं होतं, रंग कसे, पाऊस कसा. उन्काईचं पोट खिडकीतल्या चित्रावरून कळलं. … का म्हणजे? बसायचं, नाणं टाकायचं, आणि पलीकडून दुसरं नाणं पडायचं नाही. त्यापेक्षा न बसलेलं काय वाईट? … काकडीचा घोडा खरा आहे. तेवढं एक खरं. सुकलाय आता, एक पाय वाकडा झालाय.

… हं. … हं. … गेल्या हिवाळ्यात काढलंस. … तो दवाखान्यात होता तेव्हाच? … साहेब म्हणाले, काढा, आणि तू काढलंस. एका दुपारचं काम. … आणि त्या वेळी बाप आठवला नाही. … एकदाही नाही. … आणि आता डोळे मिटले की तोच दिसतो. सज्ज व्हा म्हणतात आणि तो… हलत नाही.

… म्हणजे ह्यासाठी फोन केलास. इंटरनेट, साहेब, सगळं वरवरचं. खरं दुखणं हे.

… नाही, समजूत घालत नाही. माझ्या समजुतीचं काय होतं ते बघितलंस आत्ता. चांगला की वाईट, मला नाही सांगता येत, मी दोनच फेऱ्या खेळलोय. पण पोरी, तू त्याची वाकायची जागा बुजवलीस. … रड. रड हवं तर. … पण मग सोडून काय होणार? … ऐक. ऐक माझं. तू गेलीस की तुझ्या खुर्चीत कुणीतरी बसेल. हुशार असेल. पाऊससुद्धा नीट पाडेल. पण घंटेच्या आधी पाय मोकळे ठेवायचे असतात, आणि का ठेवायचे असतात, हे त्याला कोण सांगणार? मी? मी सांगितलेलं कोण खरं मानतं?

… बघ ना. नाचणाऱ्यांना नाचू नको देऊस, पुढंमागं नको जाऊ देऊस. पण वाकू तरी दे. … होईल? … दोन दिवसांचं काम? … मग साहेबाला तेच सांग जाऊन. … अगं "बघते" काय, सांग…

… थांब.

… नाही, काही नाही. नाणं पडलं. … मी नाही टाकलं. पलीकडे. … "नवा गडी आला" म्हणतंय. … पोरी? त्या गेल्या की गं, तू फोनवर असतानाच गेल्या. ढोल बंद आहे. ऐक, ऐकू येतंय काही? … तेच म्हणतो मी. दाराची घंटीपण नाही वाजली.

… उन्काई घेतला त्यानं. … शपथेवर. … "सज्ज व्हा." … उभा आहे. मीही उभा. दोघांचेही पाय बांधलेले. … घंटा झाली. … मारत नाहीय. … मीही नाही. …

… मिहारु. … घंटेनंतर. मार बसायच्या वेळात. … वाकला गं. … … आणि परत.

… नाही, आता नाही सांगत तसलं काही! आत्ता, ह्या क्षणी… … अगं, कान फुटेल माझा! … "खोटं! काका, पुन्हा खोटं!" … … बरं. खोटं. तू म्हणशील ते. … वास? … वासाचं नको विचारूस. … नाही. डोकावणार नाही. नाही म्हणजे नाही, डोकावून बघायचं नसतं. तुला बघायचं असेल तर ये आणि तू बघ.

… आता ठेव. ठेव बाळा. एक हात दांड्याला लागतो, एक बटणांना, तिसरा नाही मला. आणि तो अजून उभाच आहे… मी वाकायची वाट बघत.