पाकिटाची मागची बाजू

(दिघीतल्या एका जनावरांच्या दवाखान्याचा व्हरांडा. आतलं दार बंद. बाकड्यावर ज्योतीराम, हातात रिकामा पट्टा. शेजारी कुत्र्याच्या खाण्याचं अर्धं पाकीट. त्याची मुलगी वर्षाली उभीच.)

वर्षाली : मी परत सांगते पप्पा, पाकिटाचा काही दोष नाही!

ज्योतीराम : मग कुणाचा, माजा? इतकी वर्षं दूध-भाकरी खाल्ली क्लचनं, कधी शिंकला बी न्हाई. तुज्या ह्या कोरड्या गोळ्या घरात आल्या अन् महिन्याभरात आडवा झाला.

वर्षाली : दूध-भाकरीवर कसा दिसायचा आठवतंय? फासळ्या वर आलेल्या, केस नुसते झाडूसारखे! आणि आता बघा. म्हणजे, परवापर्यंत बघा. काय चकाकत होता! तुम्हीच अख्ख्या लाइनला फोटो दाखवत होतात ना कंपनीत?

ज्योतीराम : दाखवला. चुकलं माजं. आता लघवी करतोय ती कोऱ्या चहावानी. उभा केला तर पाय लटलट कापत्यात. ह्याचा फोटो काढू का?

वर्षाली : असं नका ना बोलू.

ज्योतीराम : बस की जरा. सारखी दाराला कान लावून काय हुतंय?

वर्षाली : बसवत नाहीये. रक्त तपासायला इतका वेळ? आत गेल्यापासून एकदाही भुंकला नाही तो. बाकी सुई दिसली तरी बिल्डिंग डोक्यावर घेतो.

ज्योतीराम : वर्षे, मला खरं सांग. पाकिटात काय असतंय ते तुला कळतंय का निस्तं चित्र बगून आणलंस?

वर्षाली : चित्र? पप्पा, पुढचं चित्र बघतच नाही मी! पुढे काय, कोंबडी, गाजर, हिरवंगार शेत. खरं सगळं मागच्या बाजूला असतं, मुंगीएवढ्या अक्षरात. दुकानदार वैतागला होता माझ्यावर. सगळी पाकिटं उलटी करून ठेवली मी त्याची.

ज्योतीराम : अन् काय सापडलं?

वर्षाली : ऐका. ज्याचं वजन जास्त, त्याचं नाव यादीत आधी. मग काही जण पहिलं नाव लिहितात, ताजी कोंबडी. लोक खूश. पण ताज्या कोंबडीत निम्म्याहून जास्त पाणीच! गोळी वाळली की पाणी उडालं, कोंबडी घसरली खाली. म्हणून मी कोंबडीचं मील असलेलं घेतलं. आधीच वाळवून दळलेलं.

ज्योतीराम : भुकटी म्हण की.

वर्षाली : भुकटीच! पण तिच्यात पाणी नाही, मोजली तेवढी सगळी कोंबडीच. आणि दुसऱ्या एका पाकिटावर काय होतं माहितीये? कोंबडी, मग मका, मग मक्याचं पीठ, मग मक्याचं ग्लुटेन. एकाच मक्याचे तीन तुकडे! प्रत्येक तुकडा हलका, म्हणून कोंबडी पहिली.

ज्योतीराम : म्हंजी इलेक्शनला मतं फोडत्यात, तसं.

वर्षाली : अगदी तसंच! बघा, कळतंय की तुम्हाला.

ज्योतीराम : कळतंय. पर तुला एक कळंना. आमच्याकडं चाकणला मालाची पेटी आली की संगं सर्टिफिकेट बी येतंय. कागद कायम पास असतोय. माल कदी कदी. म्हणून आमी कागद बाजूला ठेवून माल मोजतो. तू कागदच मोजलास, पोरी.

वर्षाली : मग मी काय प्रयोगशाळा काढू घरात?

ज्योतीराम : तसं न्हाई गं.

वर्षाली : तसंच म्हणताय तुम्ही. माझ्यामुळे झालं असं म्हणताय. रात्रभर तेच चाललंय डोक्यात, तुम्ही अजून नका म्हणू.

ज्योतीराम : रडू नको. दार उघडतंय बग.

डॉ. सुखदा : क्लचबरोबर तुम्हीच ना? बसा, बसा. सलाइन लावलंय, पडून आहे शांत. काका, त्याच्या हिरड्या पांढऱ्या पडल्यात. रक्तातल्या लाल पेशी फुटतायत, लघवीचा रंग त्याचाच. मला आधी गोचीड तापाची शंका होती, पण तो निघाला नाही. म्हणून आता खाण्याचं विचारते. काय देता?

ज्योतीराम : हे. हेच्यानंच झालंय सगळं.

डॉ. सुखदा : बघू. हं. प्राण्याचं प्रथिन आधी, धान्य नंतर, मोठ्या कुत्र्याचा संपूर्ण आहार असं स्पष्ट लिहिलंय. तारीख ठीक. वासही बरा आहे, खवट नाही. कुणी निवडलं?

वर्षाली : मी. चुकलं का?

डॉ. सुखदा : नाही, नीट निवडलंयस. पाकिटावरच्या नुसत्या टक्क्यावरून ते प्रथिन किती पचेल हे कळत नाही, तेवढं लक्षात ठेव. पण यामुळे पेशी फुटणार नाहीत. याशिवाय काय खातो?

वर्षाली : काहीच नाही. वाटी ठरलेली आहे. बिस्कीटसुद्धा बंद केलंय मी.

ज्योतीराम : ते खरं हाय. मला बी देऊ देत न्हाई ही. चहात बुडवलेली खारी मागतोय बिचारा, तरी न्हाई.

डॉ. सुखदा : कांदा? लसूण? चुकून भाजीचा रस्सा वगैरे?

वर्षाली : छे! कांदा कुत्र्याला विष असतो, माहितीये मला. फ्रिजवर मोठ्या अक्षरात चिकटवलंय आईसाठी.

डॉ. सुखदा : या आठवड्यात घरी काही कार्यक्रम? पाहुणे?

ज्योतीराम : पाव्हणं न्हाईत. बुधवारी सट झाली तेवढी, चंपाषष्ठी. आमचा खंडोबा हाय, नळदुर्गाचा. घरातल्या घरात तळी भरली, नैवेद्य दाखवला.

डॉ. सुखदा : कुणाला?

ज्योतीराम : देवाला.

डॉ. सुखदा : आणि मग?

ज्योतीराम : मग कुत्र्याला. देवाचं कुत्रं हाय ते. त्यानं तोंड लावल्याबिगर आमचा उपास सुटत न्हाई.

डॉ. सुखदा : नैवेद्य कशाचा असतो?

वर्षाली : बाजरीचा रोडगा. आणि वांग्याचं भरीत, त्यात लसूण आणि पातीचा...

डॉ. सुखदा : बोल.

वर्षाली : पातीचा कांदा. पण मॅडम, ते खाणं नव्हतं. तो नैवेद्य होता.

डॉ. सुखदा : पोटाला काय कळतंय, बाळा. बरं, एखादा घास ना?

ज्योतीराम : एक घास न्हाई, म्याडम. आमच्या बिल्डिंगीत खंडोबावाली घरं लय. सगळी कामासाठी गावं सोडून आलेली. अन् पाळलेलं कुत्रं एकच. मीच म्हणलं, आमच्या दारात या सगळे. मान हुता तो आमचा. पैलं ताट सुभद्राबाईचं आलं, मग खालच्या खंडूचं, मग ज्याचं त्याचं. चातुर्मासभर कांदा बंद असतोय की. मग त्या दिवशी प्रत्येकीनं हात सैल सोडला.

वर्षाली : रांग मी लावली होती. ढकलू नका, एकेक या, असं ओरडत होते मी. रीलसुद्धा टाकलं. सगळे म्हणत होते, क्लच काय नशीबवान आहे.

ज्योतीराम : तिचं काय न्हाई ह्यात. मीच म्हणलं तिला, ताट धर.

वर्षाली : मला माहिती होतं पप्पा! तुम्हाला नव्हतं. मला होतं. तरी ताट समोर आलं तेव्हा त्यात कांदा दिसलाच नाही मला.

डॉ. सुखदा : इकडे बघ. कारण सापडलं, हे चांगलं झालं. लाल पेशींचा आकडा कमी आहे, पण रक्त चढवायची वेळ आलेली नाही. उद्या परत तपासू. आणखी खाली गेला नाही, तर सावरेल.

ज्योतीराम : अन् गेला तर?

डॉ. सुखदा : तर दुसऱ्या कुत्र्याचं रक्त लागेल. ते उद्या ठरवू. आज त्याला इथेच राहू दे.

वर्षाली : मी पण राहते. बाकड्यावर.

डॉ. सुखदा : त्याचा उपयोग नाही. पण एक सांगा, एवढ्या घरांची ताटं त्यानं एकट्यानं संपवली?

ज्योतीराम : कुठलं! पोट भरल्यावर तोंड फिरवलं त्यानं. बाकीचं सुभद्राबाईनं गेटाबाहेर ठेवलं, कागदावर. देवाचं अन्न, कचऱ्यात कसं टाकायचं?

वर्षाली : मग ते कुणी खाल्लं?

ज्योतीराम : गेटावरची काळी कुत्री. दुसरं कोण?

वर्षाली : पप्पा, ती रोज तुमच्या कंपनीच्या बसमागे धावते ना, सकाळी?

ज्योतीराम : धावती की. पार वळणापत्तोर.

वर्षाली : काल धावली?

ज्योतीराम : काल... न्हाई. परवा बी न्हाई वाटतं. मला वाटलं, थंडी पडलीय, झोपली आसंल कुटं तरी.

वर्षाली : चला, उठा. गाडीची किल्ली द्या माझ्याकडे. घरून जुनी चादर घेऊ, तिला पट्ट्याची सवय नाही.

ज्योतीराम : थांब गं, विचारू तर दे आदी. म्याडम, आत अजून एक टेबल रिकामं हाय का?