सात नंबरची टिटवी

—नाही हो दादा, साहेब भेटल्याशिवाय उठायची नाही मी इथून. तुम्ही पहाऱ्यावर आहात, बोलायला मनाई आहे, ठाऊक आहे मला, सारी नोकरी याच फाटकातून ये-जा करण्यात गेली माझी. नका बोलू. मान हलवलीत तरी पुरे. आणि ही पिशवी तुमचीच ना? जरा भिंतीकडे सरकवते आणि टेकते हिच्यावर, गुडघे कुरकुरायला लागलेत. चालेल? – बघा, डोळ्यांनी हो म्हणालात. वारा वाढलाय ना हो? मघाशी तो झेंडा लोंबत होता, आता फडफडतोय. वाढलाच आहे. आणि तुम्ही काही विचारणार नाही, म्हणून मीच सांगते – मला भीती वाटतेय.

त्या धक्क्याला लागलेल्या करड्या बोटी दिसतायत ना, गस्तीच्या – टिटवी जातीच्या – त्या माझ्या. म्हणजे सरकारच्या, पण आराखडा माझा. नावसुद्धा माझंच. तेव्हाचे साहेब म्हणाले, अहो बाई, टिटवी अपशकुनी, गरुड ठेवा, ससाणा ठेवा. मी म्हटलं, टिटवीदेखील समुद्र आटवते म्हणतात, आणि आपल्याला तर आटवायचाही नाहीये, नुसती राखण करायचीय! हसले नि सही केली. उथळ पाण्यात शिरणारी, चटकन वळणारी बोट – आणि हलायची कशी? इकडे कलली की फटकन सरळ, तिकडे कलली की फटकन सरळ. माणसं ओकून ओकून बेजार. तोंडावर मला मॅडम म्हणायचे आणि पाठ फिरली की ओकारीबाई. हसा, हसा, मिशीत हसलात ते दिसलं मला! पण खरं सांगू? त्या शिव्या ऐकून मला शांत झोप लागायची. जी बोट फटकन सरळ होते ना, ती घरी येते. चाचणीच्या वेळी मी डेकवर उभी राहायची, बोट कलली की एका श्वासाचं ‘हूंऽऽ’ धरायची – श्वास संपायच्या आत ती सरळ व्हायलाच हवी. घड्याळं होती की, पण माझा भरवसा माझ्या हूंवर. पोरगी माझी तेव्हा एवढीशी, तीपण शेजारी उभी राहून हूं करायची.

आता सात नंबरची दुरुस्ती काढली. काय केलं? टपावर मोठा एसी बसवला, डोलकाठी उंच केली, दिवे लावले, आणि सगळ्यात शेवटी ती पाणी मारायची तोफ. एकेक वस्तू कामाची, नाही कुठं म्हणतेय मी? पण सगळं ओझं डोक्यावर! आणि बोट किती कलते ते तपासलं कधी? तोफ चढायच्या आधी. माझ्या खुर्चीत आता माझाच चेला बसलाय, त्याला फोन केला, तर म्हणतो, मॅडम, कागदावर पास आहे. म्हटलं, बाबा रे, कागदाला कुठं बुडायचंय! तर म्हणे, बघतो.

सात नंबरची कप्तान माझी मुलगी आहे. हे नव्हतं सांगायचं मला. साहेबांना तर मुळीच सांगणार नाही, म्हणतील आई आहे, रडतेय. परवा तिनं आपणहून फोन केला – आपणहून, किती दिवसांनी – म्हणाली, आई, तुझी टिटवी सुधारली गं, पाळण्यासारखी झुलते आता, कुणी ओकत नाही. पाळण्यासारखी! आणि मी काय बोलावं? कशी आहेस, जेवलीस का? छे! मी विचारलं, कलल्यावर सरळ व्हायला वेळ किती लागतो? तर म्हणे, आई, तुला चांगलं काही म्हणताच येत नाही का. ठेवला फोन. तेव्हापासून उचलत नाही. तिला वाटतं, माझ्या आराखड्याला दुसऱ्यानं हात लावला म्हणून माझा जळफळाट होतोय. तुम्हालाही तसंच वाटलं ना आत्ता? वाटू दे. पण सावकाश झुलणं म्हणजे सुख नव्हे हो दादा. तिच्यात परत यायचा जोर उरला नाही, म्हणून ती सावकाश. एक लाट येते, ती कलते, आणि तिथंच रेंगाळते – येऊ का नको, येऊ का नको – तेवढ्यात दुसरी लाट. संपलं. पोहायला मीच शिकवलंय तिला, पट्टीची पोहते, पण उलट्या बोटीखालून पोहून जाणार कुठं? आज या वाऱ्यात तिची गस्त निघतेय; गस्त नको म्हणत नाहीये मी. आज जुनी बोट पाठवा, ओकारीवाली पाठवा, एवढंच सांगायचंय साहेबांना, आणि साहेब मीटिंगमध्ये, सकाळपासून मीटिंगमध्ये—

हा कोण, बदलीचा माणूस आला वाटतं तुमच्या? सुटलात म्हणजे. घ्या, घ्या पिशवी, उठते मी – अहो, ह्या बाजूला आकडा काय लिहिलाय? सात? सात नंबरवर निघालात तुम्ही? आणि मी एवढा वेळ – अरे देवा, आणि एका शब्दानं बोलला नाहीत!

थांबा. भोंगा वाजू दे, थांबा जरा. बोट कलली की हूं धरायचं. श्वास संपला आणि ती अजून कललेलीच असली, तर माझ्या मुलीकडे धावायचं, सांगायचं – बोटीचं नाक लाटेकडे, वेग कमी, वरची माणसं सगळी खाली, आणि हळूहळू घराकडे. माझं नाव नका काढू, ऐकायची नाही. नाही, काढा. म्हणावं, आई फाटकावर बसलीय. बास, एवढंच म्हणा. आणि एकदा करून दाखवा मला, धरा हूं – लाजताय काय, धरा!

एवढाच श्वास तुमचा?

असू दे. छोटाच बरा. लवकर घाबराल. जा.