शिवदास मास्तरांचे माड

नाही, पण मी म्हणतो, माणसानं चांगलं असावं, असू दे, कोणी नको म्हटलंय... पण त्याला काही सुमार? तुम्हाला सांगतो, या शिवदास मास्तरांपायी माझी झोप उडाली, जेवणावरची वासना गेली, आणि घरात बोलणी खाल्ली ती निराळीच. आता अशा माणसाला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा.

आमची शाळा तुम्ही पाहिलीय ना? नसेल पाहिली तर काही बिघडलं नाही. लोकल बोर्डाची शाळा, म्हणजे भिंती बोर्डाच्या, कौलं गावची आणि गळती देवाची. मास्तर यायचे नि जायचे. एक आला, त्याला डास चावले. दुसऱ्याला विहिरीचं मचूळ पाणी सोसेना. तिसऱ्याची बायको म्हणाली, इथे नारळाशिवाय बघायला आहे काय? ती गेली, आणि जाताना नवऱ्यालाही घेऊन गेली. पोरं आपली पाट्या डोक्यावर धरून भर उन्हात घरी परत. अशात हे शिवदास मास्तर आले. अंगानं किडकिडीत, पण आवाज असा, की समुद्राला उधाण असलं तरी शेवटच्या पोराला ऐकू जावा.

आणि शिकवतो काय हो माणूस! हुशार पोरांना काय, कोणीही शिकवील. हे जाऊन बसायचे मठ्ठांच्या शेजारी. आमच्या अंबाजीचा येसाजी घ्या. पोरगं शाळेत कमी आणि पोफळीवर जास्त. मास्तरांनी काय करावं? गेले, पोफळीखाली उभे राहिले आणि म्हणाले, "येसाजी, उतरू नकोस. वरून बागेच्या ओळी किती दिसतात? एका ओळीत झाडं किती? मग सगळी मिळून किती झाली?" पोरगं वर लोंबकळत गुणाकार करतंय आणि मास्तर खाली मान वर करून "शाबास, शाबास" म्हणतायत. अशा माणसाला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा.

तर इतकं सगळं छान चाललेलं असताना, तुम्हाला सांगतो, मुंबईहून मास्तरांच्या मेहुण्याचा निरोप आला. म्युनिसिपालिटीच्या शाळेत जागा आहे, पगार भरपूर, राहायला खोली, या निघून. माझी पद्मा तेव्हा तिसरीत, नुकती कुठे घडाघडा वाचायला लागलेली. मास्तर गेले की शाळेला कुलूप, आणि पोर पुन्हा अंगणात सागरगोटे खेळत बसणार. मी काय, तडक देवळात गाव जमवला. म्हटलं, बोर्ड पगार वाढवणार नाही, आपल्याजवळ रोकड नाही, पण माड तर आहेत ना? शाळा तपासायला डिपुटी येतात, त्यांच्या परीक्षेत ज्याचं पोर पास होईल, त्यानं आपल्या वाडीतला एक माड मास्तरांना तोडून द्यायचा... तोडून म्हणजे कुऱ्हाडीनं नव्हे हो, उत्पन्न तोडून. मास्तर गावात असेतो त्या माडाचे नारळ त्यांचे. जितकी पोरं पास, तितके माड. काय वाईट होतं सांगा? सगळ्यांनी माना डोलावल्या. मास्तर हसले, म्हणाले, "बरं, वर्षभर राहून बघतो."

दुसऱ्याच दिवशी अंबाजी माझ्या परसदारी हजर. इकडे बघतोय, तिकडे बघतोय. "दादा, परीक्षा हुईपातूर येश्याला मामाकडं धाडू काय?"

"का रे बाबा?"

"न्हाय, पास झाला तर माड जाईल न्हवं."

म्हटलं, "अरे, तुझा येश्या आणि पास? जा, निवांत झोप जा."

आणि तो पास झाला! डिपुटीसाहेबांना खरं वाटेना, त्यांनी त्याला पुन्हा उभा केला, पुन्हा विचारलं, पोरगं डोळे मिटून वर चढल्यासारखं करतं आणि गुणाकार सांगतं. सगळा वर्ग पास. मास्तरांची पोरं आनंदानं नाचतायत आणि पोरांचे बाप एकमेकांच्या तोंडाकडे बघतायत.

मग सुरू झालं माड देणं. आता आमच्या गावाची रीत तुम्हाला काय सांगू... नीराबाईंनी दिला तो माड त्यांचे यजमान असल्यापासून धरत नव्हता. अंबाजीनं दिला त्याचा शेंडा भुंग्यानं पोखरलेला. एकानं तर वीज पडलेला दिला. माझ्याकडे काय बघताय? माझा माड चांगला उंच होता. जरासा विहिरीवर वाकलेला होता, एवढंच. त्यामुळे नारळ पडला की विहिरीत पडायचा. पडायचाही क्वचितच म्हणा.

आमची ही, अनुसूया, तेव्हापासून माझ्याशी धड बोलली नाही. "त्यांनी तुमची लेक वाचती केली आणि तुम्ही त्यांना हे लाकूड दिलंत? लाज कशी वाटली नाही?" म्हटलं, अगं, सगळ्या गावानं दिलं तसं मी दिलं. तर म्हणते, "म्हणजे सगळ्या गावाची लाज गेली."

आणि मास्तर? प्रत्येक माडापाशी गेले, भोवती फिरले, बुंध्यावर हात फिरवला. दुसऱ्या दिवशी शाळेआधी पंचा नेसून आळी खणायला सुरुवात. मीठ घातलं. राख घातली. स्वतः कधी मासळीला शिवले नाहीत, पण खतासाठी कोळीवाड्यातून कुजक्या मासळीची पाटी डोक्यावर घेऊन भर गावातून आले, मागे मांजरांची वरात. नारळ पाडणाऱ्या रघूला वर चढवून भुंगे काढवले. रहाटाचं पाणी वाडीवाडीतून मागून आणलं. लोक हसत होते. मला मात्र धडकी. म्हटलं, आता याला कळणार गावानं कसं बनवलंय ते, आणि हा पहिल्या आगबोटीनं मुंबईला जाणार.

आणि तुम्हाला सांगतो, दुसरा पावसाळा सरला आणि मेहुणा स्वतःच आला. म्हणे, पुढे हेडमास्तर करतील. गावभर झालं की मास्तर निघाले. संध्याकाळी मास्तर माझ्या ओट्यावर आले. दारात पद्मा उभी, डोळे भरलेले, हातात पुस्तक. मी त्यांना बोलूच दिलं नाही. म्हटलं, "मास्तर, माझं चुकलं. तो विहिरीवरचा सोडा. रहाटाजवळचा घ्या, लगडलेला असतो. एक काय, दोन घ्या."

मास्तर घाबरलेच. "नको, नको, दादा, असं काही करू नका. तुमच्या माडाला कालच पोय आलीय, आता फुलोरा उमलून नारळ धरतील. अंबाजीच्या माडाला नवी पाती फुटली. नीराबाईंचा अजून रुसून आहे, पण मला वाटतं, येईल वळणावर. आता हे सगळं अर्ध्यावर टाकून मुंबईला कसा जाऊ? मेहुण्याला नाही म्हणून सांगितलं, तेवढंच कानावर घालायला आलो." आणि पद्माला म्हणाले, "पुस्तक उघड बघू, काल कुठे थांबलो होतो?"

अशा माणसाला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा. लगडलेले माड दिले असते ना, तर नारळ विकून, बोटीचं भाडं हातात घेऊन केव्हाच मुंबई गाठली असती त्यानं.

आणि आता सकाळपासून शेजारच्या गावची मंडळी ओट्यावर येऊन बसलीयेत. त्यांचाही मास्तर चालला. म्हणतायत, "दादा, एवढा गुणी माणूस तुम्ही गावात राखलात, ती युक्ती आम्हाला सांगा." काय सांगू? दोन वेळा चहा झाला, सुपारी झाली, उठायचं नाव नाही. शेवटी म्हटलं, बाबांनो, मास्तरांना माड द्या. कसला द्यायचा ते मी सांगायला नको, तुम्हीही आमच्यासारखेच आहात.