तिकडची रिंग

अहो तसं नाही, हा फोनचा डबा बंद नाहीच, मी तेच तर सांगतेय मघापासून. दिवे लागतात, फोन कानाला लावला की गुंऽऽ येतं, बटण दाबलं की रिंग वाजते — सगळं सगळं होतं, फक्त तिकडून कुणी उचलत नाही. म्हणून तुम्हाला बोलावलं. आधी एक जण येऊन गेला, त्याने वायर काढली, फुंकर मारली, परत लावली आणि म्हणाला, नेट स्लो आहे. फुंकर मारायला काय, मी पण मारली असती! तुम्ही निदान लॅपटॉप तरी जोडलात. बसा ना — त्या खुर्चीवर नको, तिचा पाय डुगडुगतो, स्टूल घ्या. मी शेजारची. घर बाईंचं आहे, त्या शाळेत शिकवायच्या म्हणून सगळे बाईच म्हणतात. डोळे दाखवायला गेल्यात, मी मुद्दाम हीच वेळ दिली तुम्हाला, नाहीतर शेजारी उभ्या राहून दहा वेळा विचारतील, झालं का, झालं का. किल्ली असते माझ्याकडे. त्यांची माझ्याकडे, माझी त्यांच्याकडे. ह्या घरातलं मला सगळं ठाऊक असतं — भिंत पातळ आहे ना, मी काही कान लावून बसत नाही. बसते, पण ते सोडा.

हे सगळं त्यांच्या मुलाने बसवलं. चष्म्या. लहानपणापासून मी चष्म्याच म्हणते, बाईंना नाही आवडत, पण नाव ठेवावं तर जन्मभर पुरावं. बाहेरच्या देशात जायच्या आधी कुठूनसा जुना कॉम्प्युटर आणला, चपलांच्या कपाटावर ठेवला आणि त्यात ते फोनचं फुकटातलं सॉफ्टवेअर घातलं. घरातल्या घरात आपलं एक्स्चेंजच म्हणा ना! बाईंचा फोन एकशे एक आणि माझा एकशे दोन — हो तर, माझा पण ह्यावरच आहे, भिंतीला भोक पाडून वायर नेली. माझा मुलगा दाद्या आणि तो एका बाकावरचे, तिकडे गेले पण पाठोपाठ. मी त्याला विचारलं होतं, काय रे, फुकट म्हणजे चोरीचं का? तर हसला. म्हणाला, काकू, हे उघडं असतं, आत काय लिहिलंय ते कुणीही वाचावं, हवं तर बदलावं. मी म्हटलं, बाबा, मला औषधाच्या बाटलीवरचं वाचायची मारामार, तुझ्या डब्यात काय डोकावू! पण चालायचा हो. एक बटण दाबलं की तिकडे ह्याच्या टेबलावर खणखण. बाई भाजी चिरता चिरता बोलायच्या त्याच्याशी, जसा काही आतल्या खोलीत बसलाय. माझा? माझा अजून उत्तम चालतो. रोज वाजतो. दाद्याला काम फार, म्हणून जरा — पण चालतो. तुम्ही बाईंचं बघा.

काय झालं की, आधी उचलायचा, मग कधी उचलायचा, मग नाहीच. कधीतरी तोच उलटा करतो, म्हणतो, आई, तुझा वाजला होता, मी मीटिंगमध्ये होतो. बाई लगेच आम्हाला सांगणार, बघा, वाजला होता म्हणाला! पण त्या लावतात तेव्हा नेमका नाही. आणि त्यांची एक गंमत सांगू? रिंग वाजत असताना त्या बोलत असतात. मी विचारलं तर म्हणाल्या, अगं, तो उचलेपर्यंत काय काय सांगायचं ते लावून घेते. पण लावून घ्यायचं ते मनात ना! ह्यांचं मोठ्याने — गॅस संपला, खिडकीतल्या कुंडीला कळी आली, वरचे लोक खुर्च्या ओढतात. आणि दर वेळी मध्येच तुटतो. परवा म्हणत होत्या, ‘आणि हे बघ, डॉक्टर म्हणाले की —’ आणि तुटला. फोन ठेवून दिला त्यांनी. डॉक्टर काय म्हणाले ते मला पण कळलं नाही! म्हणूनच मला वाटलं, काहीतरी बिघाड आहे. माणूस कामात असला तर कधी लवकर तुटेल, कधी उशिरा, पण हा दर वेळी तेवढाच वाजतो. घड्याळ लावल्यासारखा. हो, मोजलंय मी. भिंतीच्या त्या बाजूने.

काय, सापडलं? अहो, असं स्क्रीनकडे बघून मान काय हलवताय, डॉक्टरसारखी. मला अडाणीला कळेल असं सांगा. ही ओळ? बरं. एकशे एकवरून फोन आला तर — हं — तर बाहेर पाठवू नको. नुसती रिंग ऐकव. थोडा वेळ ऐकव आणि ठेवून दे. म्हणजे? थांबा, थांबा. म्हणजे बाईंच्या कानात वाजतं ते तिकडे वाजतच नाही? इथंच वाजतं? ह्या चपलांच्या कपाटावर?

आपोआप लिहिलं गेलं असेल. लाइट जाते-येते आमच्याकडे, तसं काहीतरी... नाही होत आपोआप. बरं. तुम्ही कशाला खोटं सांगाल. पण इथं तर कुणी हात लावला नाही हो, मी पुसते ना वरून, मला माहीत आहे — तिकडून? तिकडे बसून ह्यात लिहिता येतं? कधीचं आहे? मागच्या पावसाळ्यातलं.

बाई पडल्या होत्या तेव्हा. बाथरूममध्ये. हाड मोडलं नाही, पण मन घाबरलं, मग रोज फोन, कधी दिवसातून दोनदा. ओरडणं नाही, रडणं नाही, नुसतं — कधी येतोस? एवढंच. बरं, कधी येतोस? मी ऐकायचे आणि म्हणायचे, बाई, नका हो लेकराच्या मागे लागू. वाईट नाही तो. खोटं बोलताच यायचं नाही त्याला, काच फोडली तरी कान लाल व्हायचे, लांबून ओळखायचे मी. आता फोनवर कान कुठे दिसतात. ‘तुझा वाजला होता’ म्हणे.

पुसा ती ओळ. दोन मिनिटांचं काम ना? मग पुसा. मी सांगते ना, पुसून टाका, खरोखर वाजू दे त्याच्या उशाशी! — थांबा. हात काढा. पुसली की काय होईल? वाजेल. तो बघेल, आईचा आहे. आणि कापेल. मग बाईंच्या कानात टूं टूं टूं, तोंडातला शब्द तोंडात. नाहीतर तिकडून बसून परत हेच लिहील. माझ्याकडे वळवता येईल? त्यांनी लावला की माझ्या घरी वाजेल, मी उचलेन — आणि काय म्हणेन? बोल आई? ह्या वयात मी चष्म्याचा आवाज काढू? बाई शाळेतल्या आहेत, नक्कल लगेच पकडतील.

हा आकडा कसला? किती वेळ वाजायचं त्याचा? हा वाढवता येतो? वाढवा मग. बघताय काय, वाढवा ना. अजून थोडा. त्यांचं सांगून तरी होऊ दे. डॉक्टर काय म्हणाले ते तरी पुरं होऊ दे. एवढं राहू द्या त्यांना. आणि आल्या की सांगा, वायर सैल होती, आता चालेल. ‘चालेल’ म्हणा, जास्त काही नको, त्या डोळ्यांत बघून विचारतात.

झालं? सेव्ह केलंत? देव भलं करो तुमचं. चहा टाकते, मग — आता काय? खाली कुठे? त्याच्या खाली आणखी एक आहे म्हणजे काय, तसलीच ओळ —

नको. वर घ्या. वर घ्या म्हणते ना. एकशे दोनचं मी काही विचारलंय का तुम्हाला? माझा चालतो. सांगितलं ना मघाशी, रोज वाजतो. मिटा तो लॅपटॉप.

काय? ती पण वाढवू म्हणता?

राहू द्या. मला फार काही सांगायचं नसतं.

बाईंची काठी वाजली बघा जिन्यावर. वायर सैल होती. उठा, ते स्टूल होतं तिथे ठेवा, आणि या आता तुम्ही.